दसरा काढताना आजोबांची ट्रंक रिकामी करताय? भंगारवाल्याला हाक मारण्याआधी हे वाचा

पितृपक्ष लागला की मराठवाड्यात घरोघरी एकच चर्चा असते, औंदा दसरा कधी काढायचा? ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, दसरा काढायचा म्हणजे घटस्थापनेच्या आत सगळं घर उलटंपालटं करायचं. वाकळा, चादरी, पडदे धुवायचे. फडताळातली पितळ-तांब्याची भांडी चिंचेनं घासायची. जळमटं काढायची, भिंतींना रंगाचा हात मारायचा. अलीकडं यालाच डिक्लटरिंग म्हणतात आणि त्याचे रील्स निघतात. काम तेच, फक्त मागं गाणं लावलेलं असतं.

हिंगोली जिल्ह्यातल्या कनेरगाव नाक्याच्या घरांतही हेच चित्र. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली येते, कुलपाची किल्ली कुणालाच सापडत नाही, शेवटी कडी तोडली जाते. मग तीन ढीग लागतात. ठेवायचा, कुणाला तरी द्यायचा आणि फेकायचा. तिसऱ्या ढिगात सगळ्यात आधी काय पडतं? जुने कागद. पिवळे पडलेले, कसरीनं कुरतडलेले आणि मुख्य म्हणजे घरातल्या कुणालाच वाचता न येणारे. साडी ओळखू येते, फोटोतला माणूस ओळखू येतो, कागद मात्र मुका असतो. त्यामुळं तो रद्दीत जातो, नाहीतर पाणी तापवायच्या चुलीत.

मराठवाड्यात, त्यातही कनेरगाव नाक्यासारख्या सीमेवरच्या गावात, हा सौदा फार महागात पडू शकतो.

कोंडोबाईंचा सल्ला इथं का चालत नाही?

घर आवरण्याच्या विषयात मारी कोंडो हे नाव सगळ्यांना माहीत झालं ते २०१९ च्या जानेवारीत, नेटफ्लिक्सवर तिची मालिका आली तेव्हा. वस्तू हातात घ्यायची, आनंद झाला तर ठेवायची, नाही झाला तर तिचे आभार मानून निरोप द्यायचा. आठवणींच्या वस्तू सगळ्यात शेवटी आवरायच्या, हा तिचा सल्ला तर सोन्यासारखा आहे. कारण फोटोचा अल्बम आधी उघडला की त्या दिवशीचं काम संपलंच म्हणून समजा.

पण कागदांबद्दल ती एकदम कडक आहे. जवळपास सगळे कागद टाकून द्या, सध्या वापरात असलेले, काही काळ लागणारे आणि कायमचे जपायचे एवढेच ठेवा, असं तिचं म्हणणं. जपानमध्ये ते चालतंही. तिथं 'कोसेकी' नावाची कुटुंबनोंदणी पद्धत आहे. १८७२ पासून देशभर लागू झालेली. जन्म, लग्न, मृत्यू, दत्तक, कोण कुणाचा मुलगा, हे सगळं स्थानिक सरकारी कार्यालयाच्या नोंदीत. आजोबांची ट्रंक जळाली तरी आजोबा कोण होते ते सरकारदरबारी शाबूत राहतं.

आपल्याकडं जन्म-मृत्यू नोंदणीचा एकसारखा केंद्रीय कायदा आला १९६९ मध्ये. त्याआधीच्या नोंदी कुठं कोतवालाच्या पुस्तकात, कुठं शाळेच्या रजिस्टरात, तर कुठं अजिबातच नाहीत. आणि मराठवाड्याचा मामला तर त्याहून गुंतागुंतीचा.

एका नाक्यावर दोन राज्यं

कनेरगाव नाका हिंगोली-वाशिम रस्त्यावर आहे. पैनगंगा ओलांडली की वाशिम जिल्हा, म्हणजे विदर्भ. आज ही फक्त जिल्ह्याची हद्द. पण १९४८ पर्यंत नदीच्या अलीकडं हैदराबादच्या निजामाचं राज्य होतं आणि पलीकडं वऱ्हाडात १९४७ पर्यंत इंग्रजांचा कारभार. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचंच होतं, पण १८५३ मध्ये ते इंग्रजांकडं सोपवलं गेलं आणि १९०२ मध्ये कायमच्या भाडेपट्ट्यानं गेलं. निजामाच्या हद्दीत माल आणायचा तर करोडगिरी, म्हणजे जकात भरावी लागायची आणि त्यासाठी हद्दीवर नाके असायचे. गावाच्या नावाला 'नाका' का चिकटला असेल, याचं ती जागा बघितली की नवल वाटत नाही. हिंगोलीच्या रेल्वे स्टेशनच्या नावात तर आजही 'हिंगोली डेक्कन' असं आहे.

पुढं १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. १९५६ मध्ये मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, विदर्भ मध्य प्रदेशातून निघून तिथंच आला. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. हिंगोली तोवर परभणी जिल्ह्यातला तालुका होता, १ मे १९९९ ला तो स्वतंत्र जिल्हा झाला. म्हणजे कनेरगाव नाक्याच्या एकाच घरातल्या तीन पिढ्यांनी जागचं न हलता तीन राज्यं आणि दोन जिल्हे बघितले. प्रत्येक वेळी दफ्तर हललं. काही हैदराबादला राहिलं, काही परभणीला, काही हिंगोलीला आलं, काही वाटेत गेलं.

या सगळ्या हलवाहलवीत जागेवर राहिली ती घरातली ट्रंक.

ट्रंकेत नेमकं काय निघतं?

कागदांचं बघू. निजामाच्या राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सरकारी भाषा उर्दू होती, त्याआधी फारसी. त्यामुळं जमिनीची पावती, पट्टा, खरेदीखत, कोर्टाचा कागद हे उर्दूत असण्याची शक्यता मोठी. घरगुती हिशेब, देणं-घेणं, देशपांडे-कुलकर्ण्यांच्या हातचे कागद मोडीत. पुढचे, पोलीस कारवाईनंतरचे, हळूहळू देवनागरीत. आणि बायको वऱ्हाडातली असेल, जी या पट्ट्यात असतेच असते, तर तिच्या माहेरच्या कागदावर इंग्रज सरकारचा स्टॅम्प. एका ट्रंकेत चार लिप्या निघाल्या तरी दचकायचं कारण नाही.

लिपी येत नसली तरी कागद किती जुना आहे हे बऱ्याचदा घरबसल्या कळू शकतं. त्यासाठी एक हिशेब माहीत असावा लागतो, फसली सनाचा.

हैदराबाद संस्थानात महसुलाचं वर्ष फसली होतं. ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, 'आजूर' महिन्यापासून सुरू व्हायचं. कागदावर फसली सन असेल तर त्यात ५९० मिळवायचे, म्हणजे ते वर्ष ज्या इसवी सनात सुरू झालं तो मिळतो. महिना जानेवारीनंतरचा असेल तर ५९१ मिळवायचे. समजा कागदावर १३४५ फसली आणि महिना तीर आहे. तीर हा आठवा महिना, म्हणजे मे-जूनच्या आसपासचा. १३४५ अधिक ५९१, म्हणजे १९३६ चा उन्हाळा.

इथं एक खड्डा आहे आणि त्यात भलेभले पडतात. काही कागदांवर फसलीऐवजी हिजरी सन असतो, आणि तोही तेराशेच्या घरातला. पण १३५७ हिजरी म्हणजे १९३८-३९ आणि १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. आकडा तोच, फरक जवळपास दहा वर्षांचा! ओळखायचं कसं? महिन्यावरून. बहमन, खुर्दाद, अमरदाद, आबान अशी नावं असतील तर फसली. मोहरम, रमजान, शव्वाल असेल तर हिजरी. महिन्याचं नाव मात्र कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल. गावातले उर्दू शाळेत शिकलेले चाचा हे काम पाच मिनिटांत करतात.

आकडे ओळखायचे तर एवढंच लक्षात ठेवा: उर्दू मजकूर उजवीकडून डावीकडं जातो, पण आकडे आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडं लिहितात. एक म्हणजे उभी रेघ. शून्य म्हणजे नुसता ठिपका. त्यामुळं कागदावरचा ठिपका शाईचा डाग समजून सोडून दिला की सनच बदलतो.

१३ ऑक्टोबर १९६७ या तारखेचं महत्त्व काय?

आता मुद्द्याचं. हे कागद जपून करायचं काय?

महाराष्ट्रात जातीचा दाखला आणि जात पडताळणी करताना अर्जदाराचं कुटुंब एका ठरावीक तारखेच्या आधीपासून राज्यात, त्या जातीचं म्हणून राहत होतं का, हे बघितलं जातं. ओबीसींसाठी ही तारीख १३ ऑक्टोबर १९६७ आहे. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०. म्हणजे पोरीला २०२५ मध्ये कॉलेजात प्रवेश घ्यायचा असेल, तर तिच्या पणजोबांचा साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा कागद शोधावा लागतो. दहावी-बारावीच्या निकालानंतर तहसीलच्या आवारात जी गर्दी दिसते, त्यातल्या निम्म्या लोकांची अडचण एवढीच असते की जुना कागद सापडत नाही.

मराठवाड्यात हा विषय २०२३ मध्ये घराघरांत गेला. जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटलांचं उपोषण झालं, १ सप्टेंबरला तिथं लाठीमार झाला आणि त्यानंतर सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. काम काय, तर मराठवाड्यातल्या मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधणं. त्यासाठी निजामकालीन दफ्तर उघडलं गेलं, समितीचं पथक हैदराबादलाही जाऊन आलं. लोकांनाही आवाहन झालं, घरात जुने पुरावे असतील तर आणून द्या. ३० ऑक्टोबर २०२३ ला तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सांगितलं की १ कोटी ७२ लाख कागद तपासले आणि ११,५३० कुणबी नोंदी सापडल्या. आकडा पुढं वाढत गेला, पण हे प्रमाण बघा. दीड हजार कागद उलटावेत तेव्हा एक नोंद.

पैनगंगेच्या पलीकडं चित्र वेगळं आहे. विदर्भात कुणबी नोंदी भरपूर. नदीच्या दोन्ही काठांवर सोयरीक, रोटी-बेटी व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चाललेला, तरी एका काठावर दाखला मिळतो आणि दुसऱ्या काठावर नाही, असा दाखला या आंदोलनात वारंवार दिला गेला. पुढं २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरबाबतचा शासन निर्णय निघाला. त्यातही जमिनीच्या मालकीचा पुरावा नसेल तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी त्या भागात राहत असल्याचं प्रतिज्ञापत्र, अशी तारीख आलीच. या निर्णयाला ओबीसी संघटनांचा विरोध आहे, त्याचा आधार घेऊन बंजारा समाजानं अनुसूचित जमातीच्या दर्जाची मागणी लावून धरली. आरक्षण कुणाला मिळावं यावर मतं काहीही असोत, प्रत्येक बाजूला कागदच शोधावा लागतोय.

तर ट्रंकेत हे कागद दिसले की फेकण्याच्या ढिगात टाकू नका. खासरा पत्रक, विशेषतः १९५४-५५ चं. मराठवाड्यात जमिनीच्या कितीतरी वादांत हाच पायाचा कागद मानतात. पाहणी पत्रक. जन्म-मृत्यूच्या नोंदीची, म्हणजे कोतवाल बुकाची नक्कल. संरक्षित कुळाचं प्रमाणपत्र, जे १९५० च्या हैदराबाद कुळ कायद्याखाली मिळालेलं असतं. शेतसाऱ्याच्या पावत्या, खरेदीखतं, वाटणीपत्रं, सोसायटीचे कर्जरोखे. आणि शाळेच्या टीसी.

टीसीबद्दल जरा थांबून सांगायला हवं. कित्येक घरांत मुलांच्या टीसी जपतात आणि मुलींच्या फेकतात, ती काय आता सासरी गेली म्हणून. पण पडताळणीत वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाईकांचे पुरावे धरले जातात आणि त्यात आत्या येते, आजोबांची बहीणही येते. एखाद्या घरात पुरुषांपैकी कुणी शाळेची पायरी चढलेला नसतो, पण आत्याआजी दोन यत्ता शिकलेली असते. १९६७ च्या आधीची तिची टीसी त्या घरातला सगळ्यात किमती कागद ठरू शकते. आणि उलट, घरात आलेल्या सुनेचे माहेरचे कागद तिच्या भावांना लागू शकतात. फेकण्याआधी त्यांना एक फोन करायला काय जातं!

दुसरी गोष्ट, कागद अर्धवट फाटलेला असला, नक्कल असली तरी ठेवा. कारण बऱ्याचदा त्याचा उपयोग पत्त्यासारखा होतो. टीसीवर शाळेचं नाव आणि रजिस्टर क्रमांक मिळाला की शाळेतून प्रवेश-निर्गम उतारा काढता येतो. पावतीवर जुना सर्व्हे नंबर मिळाला की भूमी अभिलेख कार्यालयात नेमकं काय मागायचं ते कळतं.

मात्र कागद सापडला म्हणजे दाखला मिळाला, असं अजिबात नाही. कागदावरचा माणूस तुमचाच पूर्वज आहे, हे वंशावळीनं जुळवून दाखवावं लागतं आणि पडताळणी समिती मूळ नोंद तपासते. जुन्या कागदावर नवीन शाईनं काही गिरवलं, एखादं अक्षर 'दुरुस्त' केलं, तर कागद तर जातोच, वर गुन्हा दाखल होतो. पुसट अक्षर पुसटच राहू द्या.

लॅमिनेशनवाल्याकडं जाऊ नका

महत्त्वाचा कागद सापडला की लोक पहिल्यांदा झेरॉक्सच्या दुकानात जातात आणि लॅमिनेट करून आणतात. जुन्या कागदाचा यापेक्षा मोठा घात नाही. उष्णतेनं तो अजून ठिसूळ होतो, प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही आणि मूळ कागद तपासायला दिला तर तपासणाऱ्याला शाई, कागद काहीच नीट बघता येत नाही. चिकटपट्टी तशीच. दहा वर्षांत ती पिवळी पडते आणि अक्षरं घेऊनच निघते.

सोपं करा. मऊ ब्रशनं धूळ झटका, घड्या सावकाश उघडा, कोरड्या जागी कागदी पाकिटात सपाट ठेवा. स्टेपलर आणि गंजलेल्या टाचण्या काढा. पाकिटावर काय आहे ते पेन्सिलीनं लिहा. ट्रंक जमिनीवर ठेवू नका, मराठवाड्याच्या मातीत वाळवीला आमंत्रण लागत नाही. कडुलिंबाचा पाला आजी घालायची तो घाला, पण पूर्ण वाळवून.

फोटो काढून ठेवायचा तर खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, मोबाइल कागदाच्या बरोबर वर धरून काढा. मागची बाजूसुद्धा काढा, शिक्के तिकडंच असतात. आणि नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप त्याचा आकार कमी करतं आणि उर्दूचे नुक्ते गायब होतात. नुक्ता गेला की अक्षर बदललं.

मोडी वाचून घ्यायची असेल तर राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचं कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. मोडीचे वर्गही महाराष्ट्रात ठिकठिकाणी चालतात आणि गेल्या दोन-तीन वर्षांत मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आलाय.

हाली आणि कलदार

ट्रंकेच्या तळाशी कापडात बांधलेली नाणी निघाली तर? कनेरगाव नाक्याच्या पट्ट्यात ती दोन प्रकारची असू शकतात, आणि जुन्या माणसांना दोघांची नावं पाठ असतात. निजामाचा तो हाली सिक्का आणि इंग्रजांचा तो कलदार. भाव ठरलेला होता. सात हाली रुपयांना सहा कलदार. नदीपलीकडं बाजाराला जायचं तर हा हिशेब डोक्यात ठेवूनच निघावं लागायचं.

हाली रुपयावर चारमिनार असतो. मधल्या कमानीत एक छोटंसं उर्दू अक्षर दिसतं. 'ऐन' असेल तर नाणं शेवटचा निजाम उस्मान अली खान याच्या काळातलं, 'मीम' असेल तर त्याचे वडील महबूब अली खान यांच्या काळातलं. कलदारवर इंग्रज राजा-राणीचा मुखवटा. निजामाच्या नोटाही होत्या, आणि त्यांच्यावर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू, कन्नडमध्येही किंमत छापलेली असायची. संस्थान गेलं तरी हाली लगेच बंद झालं नाही, काही वर्षं ते भारतीय रुपयाच्या जोडीनं चाललं आणि १९५९ मध्ये कायमचं थांबलं. त्यामुळं साठी-सत्तरीतल्या माणसांनी ते लहानपणी ऐकलेलं असतं, हाताळलेलं क्वचितच.

नाणी सापडली की दोन चुका होतात. पहिली, ती चिंचेनं घासून चकचकीत करतात. नाण्यावर काळपट थर साचलेला असतो तो संग्राहकांना हवा असतो, घासलेल्या नाण्याची किंमत उतरते. दुसरी चूक मोबाइलवर होते. 'पाच रुपयांची ट्रॅक्टरवाली नोट विका, लाखो कमवा' ही जाहिरात तुम्हीही बघितली असेल. आधी फोटो मागतात, मग भाव सांगतात, मग रिझर्व्ह बँकेचं कमिशन किंवा जीएसटी म्हणून थोडे पैसे भरायला लावतात. तिथं विषय संपतो, पैसे गेलेले असतात. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच स्पष्ट केलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात ती पडत नाही आणि कसलंही कमिशन घेत नाही.

आणि हो, आजीच्या डब्यात नोटबंदीतल्या पाचशे-हजारच्या नोटा निघाल्या तर मोजा. २०१७ च्या कायद्यानुसार अशा दहापेक्षा जास्त नोटा जवळ ठेवणं गुन्हा आहे, अभ्यासक आणि संग्राहकांसाठी ही मर्यादा पंचवीस. दंड दहा हजार रुपये किंवा नोटांच्या रकमेच्या पाचपट, जे जास्त असेल ते. आजीची आठवण म्हणून दोन-चार ठेवायला हरकत नाही.

पासबुकांचं थोडक्यात. दहा वर्षं व्यवहार न झालेल्या बँक खात्यातले पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण वारसांचा हक्क जात नाही. ऑगस्ट २०२३ पासून 'उद्गम' नावाच्या पोर्टलवर नावानं शोध घेता येतो, मग बँकेत दावा करायचा. जुने शेअर सर्टिफिकेटही फेकू नका.

भिंतीत काही निघालं तर?

घरकुल मंजूर झालं किंवा पोरांनी स्लॅबचं घर काढलं की जुनं माळवदाचं घर पाडलं जातं. त्या घरांत सामान ट्रंकेपेक्षा भिंतीत जास्त असायचं. देवळ्या, कोनाडे, धान्य साठवायचं बळद, अंगणातलं पेव. रझाकारांच्या धामधुमीत हद्दीवरच्या कितीतरी कुटुंबांनी वऱ्हाडात आसरा घेतला होता आणि जाताना सगळं बरोबर नेता येत नाही. त्यामुळं भिंत पाडताना गाडगं निघाल्याच्या गोष्टी या भागात ऐकू येतात, आणि त्यातल्या सगळ्याच काही बाता नसतात.

अशा वेळी १८७८ चा कायदा लागू होतो. होय, इंग्रजांचा, आणि तो अजून आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या बांधकामात दडवलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. घर आपलंच असलं तरी. लपवलं तर शोधणाऱ्याचा वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ट्रंकेतल्या आजीच्या पुतळ्यांना हा नियम लागत नाही, त्या सरळ वारसाहक्कानं येतात. भांडणं लावतात ती वेगळीच गोष्ट.

मोडीत निघालेली नावं

एवढं सगळं बघून झाल्यावर फडताळातल्या भांड्यांकडं वळा. दसऱ्याच्या आवराआवरीत पितळेची भांडी मोडीत देऊन स्टीलची किंवा नॉनस्टिकची घ्यायची पद्धत जुनीच आहे. जागा नसते, घासायला वेळ नसतो, दोन्ही कारणं खरी आहेत. फक्त देण्याआधी भांडं उलटं करून किंवा काठाशी उजेडात धरून बघा. तिथं टोच्यानं ठिपके-ठिपके पाडून नाव टाकलेलं असतं. कुणाकडून, कुणाला, कधी. लग्नात मामानं दिलेली घागर, बारशाला आत्यानं आणलेली वाटी, गावजेवणातून मिळालेला तांब्या.

या नावांचा सरकारी पुरावा म्हणून उपयोग नाही. पण बायकांची नावं शोधायची तर यापेक्षा चांगली जागा घरात दुसरी नाही. सातबारा पुरुषांचा, खासरा पुरुषांचा, पावत्या पुरुषांच्या. पणजीचं माहेरचं नाव, तिच्या बापाचं गाव, हे फक्त तिच्या हंड्यावर. वंशावळ लिहायला बसलेल्या घरांत पुरुषांच्या सहा पिढ्या घडाघडा येतात आणि बायकांची दुसरीच पिढी अडते, ती गाठ कधीकधी अशा हंड्यानं सुटते. सगळी भांडी ठेवायची गरज नाही. नावाचा फोटो काढा, एखादं ठेवा, बाकीची खुशाल द्या.

वाकळीचंही तसंच. जुनी वाकळ म्हणजे घरातल्या लुगड्या-धोतरांचे थर. वरचा फाटला की आतला दिसतो आणि एखादी म्हातारी बरोबर सांगते, हे माझ्या सासूच्या नेसूतलं. ती धुतली तरी पिळू नका, दोरा जुना असतो. पैठणी किंवा जरीची साडी असेल तर डांबराच्या गोळ्या थेट लावू नका, जर काळी पडते. मलमलीत गुंडाळा आणि वर्षातून एकदा घडी मोडून दुसऱ्या जागी घाला, म्हणजे त्याच रेघेवर ती चिरत नाही.

काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकट त्याचा फोटो घ्या. बाकीचे फोटो आजीसमोर मांडा आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवून एकेक नाव विचारा. तिला गावचा डॉक्टर कोण ते आठवत नसेल, पण १९६२ च्या लग्नातल्या मांडवातला प्रत्येक माणूस ती ओळखेल, आणि कोण कुणावर रुसलं होतं तेही सांगेल. नावं फोटोच्या मागं पेन्सिलीनं लिहा, बॉलपेननं नको. त्याचा दाब पुढच्या चेहऱ्यांवर उमटतो.